तोर्तिया थांबत नाही, मोले मुरतं : मेक्सिकोचा घरचा स्वयंपाक भारी रेस्टॉरंटच्या टेबलावर नेताना

मेक्सिकोच्या दक्षिणेतल्या वाहाका शहराजवळच्या एका गावात मी पहिल्यांदा जेवायला बसले, तेव्हा वाढणाऱ्या आजींनी ताटात एकच तोर्तिया, म्हणजे मक्याची पातळ भाकरी, टाकली. ती संपत आली की दुसरी तव्यावरून थेट हातात. बार्शीला आईच्या चुलीपुढे मी भाकरी अशीच खाल्ली आहे, त्यामुळे भाषा येत नसतानाही त्या घरात मला परकं वाटलं नाही. त्या आजींना सगळे आदराने ‘दोन्या’, म्हणजे बाई, म्हणत, मीही म्हणू लागले. त्यांच्याकडे मी चार महिने शिकले.

नंतर मेक्सिको सिटीत एका महागड्या रेस्टॉरंटमध्ये कामाला लागले. तिथे तोर्तिया दुपारी चारला भाजत, फडक्यात गुंडाळून गरम पेटीत ठेवत आणि रात्री नऊला वाढत. मोले, म्हणजे मिरच्या-मसाल्यांचं दाट कालवण, मात्र त्याच सकाळी केलेलं असे. म्हणजे जे ताजं हवं ते शिळं आणि जे मुरायला हवं ते कच्चं. प्लेट सुंदर होती, वर खाण्याजोगी फुलं होती, आणि जेवणात जीव नव्हता. पुढची नऊ वर्षं मी हाच घोळ निस्तरायला शिकत गेले. हॉटेल मॅनेजमेंट करून परदेशात, क्रूझवर किंवा मोठ्या हॉटेलात काम करणारी आपली मुलं-मुली मला विचारतात, मेक्सिकन जेवण ‘फाइन डायनिंग’मध्ये कसं नेतात? त्यांच्यासाठी हे लिहिते आहे.

आधी दोन याद्या

मेनूचा कागद नंतर. आधी तुमच्या डोक्यातला प्रत्येक पदार्थ दोनपैकी एका यादीत टाका : मुरणारा किंवा न थांबणारा.

मोले, पिबिलचं म्हणजे केळीच्या पानांत शिजवलेलं मांस, अदोबो हे मिरचीचं आंबट वाटण, शिजवलेले काळे घेवडे, लोणच्याची मिरची ही मुरणारी मंडळी. तोर्तिया, तेतेला (मक्याच्या पिठाची भरलेली त्रिकोणी घडी), मेमेला (जाड लांबट तोर्तिया), कच्ची साल्सा म्हणजे चटणी, तेहाते या मका-कोकोच्या पेयाचा फेस ही न थांबणारी. मेक्सिकन घरात ताटावर या दोन्ही वेळा एकत्र येतात. तीन दिवस मुरलेलं मोले आणि तीस सेकंदांपूर्वी तव्यावरून उतरलेली तोर्तिया. चवीचं बळ या भेटीत आहे, आणि मोठ्या स्वयंपाकघराची शिस्त याला हमखास मोडते, कारण तिथे सगळ्यालाच एका मापाची ‘पूर्वतयारी’ लावली जाते.

2024 साली रेस्टॉरंटना तारे देणाऱ्या मिशेलिनने मेक्सिकोसाठी पहिल्यांदा मार्गदर्शिका काढली. पुहोल आणि किंतोनिल या मेक्सिको सिटीतल्या दोन रेस्टॉरंटना दोन-दोन तारे मिळाले, त्याचं कुणाला नवल वाटलं नाही. पण एक तारा सान राफाएल भागातल्या ‘एल कालीफा दे लेओन’ या टाकोच्या टपरीवजा दुकानालाही मिळाला. 1968 पासूनचं दुकान. बसायला जागा नाही, उभ्यानेच खायचं. समोर तोर्तिया थापतात, भाजतात, गरम लोखंडावर मांसाचा पातळ तुकडा, मीठ, लिंबू, झालं. सजावट नाही, फुलं नाहीत. तारा मिळण्यात वेळेच्या त्या नेमकेपणाचा मोठा वाटा असणार, असं मला मनापासून वाटतं.

मका, चुना आणि रात्र

तयार पिठाच्या पिशवीतून हे काम होत नाही. मक्यापासूनच सुरुवात करा.

मेक्सिकोत मक्याच्या 64 जाती नोंदलेल्या आहेत, त्यांतल्या 59 मूळच्या तिथल्या. वाहाकाच्या मधल्या खोऱ्यातला बोलीता तोर्तियाला गोडवा देतो, मोठ्या दाण्याचा काकावासिंत्ले पोसोले या मक्याच्या दाण्यांच्या रश्श्यासाठी. एकच जात निवडा आणि वर्षभर तिच्याशी ओळख करून घ्या. दर महिन्याला नवा रंग आणून पाहुण्यांना दाखवण्यापेक्षा हे जास्त उपयोगाचं.

कोरडा मका एक किलो, पाणी तीन लिटर, खाण्याचा विझवलेला चुना दहा ग्रॅम, म्हणजे मक्याच्या एक टक्का. चुना थोड्या पाण्यात कालवून भांड्यात घाला, मग मका. मंद आचेवर ठेवा; खदखदून उकळू देऊ नका, पाणी नुसतं थरथरत राहिलं पाहिजे. अर्ध्या तासानंतर दाणा काढून बोटांत चोळायला लागा. साल निसटली आणि दाणा तोडल्यावर मधे खडूसारखा कच्चा ठिपका राहिला, की आच बंद. जातीप्रमाणे आणि मक्याच्या वयाप्रमाणे हे तीस मिनिटांत होतं, कधी पाऊण तास लागतो. घड्याळावर विसंबू नका, दाणा तोडून बघा. मग झाकून रात्रभर, आठ ते बारा तास तसंच ठेवायचं. यालाच निश्तामाल म्हणतात.

चुन्याने सालीतला चिवट भाग सुटतो, दाण्यातला स्टार्च पाणी धरतो आणि पीठ एकमेकांना चिकटू लागतं. चुना न लावलेल्या मक्याच्या पिठाची भाकरी थापताना कडा का फाटतात, ते इथे कळतं. शिवाय मक्यातलं नायसिन हे ब जीवनसत्त्व शरीराला मिळू लागतं. मका युरोपात गेला तो ही रीत मागे ठेवून, आणि मक्यावरच जगणाऱ्या इटली-स्पेनमधल्या गरिबांना पेलाग्राने, नायसिनच्या अभावाच्या रोगाने, ग्रासलं. मला हे कळलं तेव्हा दोन्यांच्या अंगणातल्या चुन्याच्या मडक्याकडे मी वेगळ्या नजरेने पाहिलं.

सकाळी पिवळं पाणी ओता, मका धुवा, पण फार घासू नका. थोडी साल राहू द्या, ती उंडा बांधून ठेवते. पहिल्या महिन्यात मी हावरटासारखा चुना वाढवला, रंग छान येतो म्हणून. पिठाला साबणाचा वास आला आणि अठ्ठेचाळीस पाहुण्यांचं पीठ टाकून द्यावं लागलं.

दळायला दगड हवा. घरी मेताते असतो, आपल्या पाट्याचाच चुलत भाऊ. तीन पायांचा, पुढे उतार असलेला, ज्वालामुखीच्या दगडाचा. बाई मागे गुडघ्यांवर बसून दोन्ही हातांनी वरवंटा लोटते. रेस्टॉरंटला दगडी तबकड्यांची गिरणी लागते. स्टीलच्या मिक्सरमध्ये मका चिरडला जातो आणि पीठ गरम होऊन चिकट होतं. गिरणी घेताना सगळे किंमत विचारतात, टाकी कोण लावणार ते कुणी विचारत नाही. जात्याला लावतो तशीच या तबकड्यांनाही छिन्नीने टाकी लावावी लागते, आणि ती बोथटली की पीठ रवाळ येतं. आम्ही दर तीन आठवड्यांनी लावायचो. हे काम स्वतः शिकून घ्या.

या पिठाला तिथे ‘मासा’ म्हणतात. मराठीत घोटाळा नको म्हणून मी पीठच म्हणते. ते गणपतीच्या शाडूसारखं लागलं पाहिजे. लिंबाएवढा गोळा अंगठ्याने दाबा : कडेला चिरा पडल्या तर पाण्याचा हात लावा, तळव्याला चिकटलं तर पाणी जास्त झालं. हे बोटांनी समजेपर्यंत तुम्ही किमान दोन हजार तोर्तिया केलेल्या असाव्यात.

मातीचा तवा, म्हणजे कोमाल, वापरणार असाल तर रोज वर चुन्याच्या पाण्याचा पातळ हात फिरवा, नाहीतर तोर्तिया चिकटेल. चांगला तापलेला हवा. तोर्तिया टाकली की वीस सेकंदांत उलटा, मग पाऊण-एक मिनिट, पुन्हा उलटा, आता ती फुगली पाहिजे. न फुगलेली तोर्तिया पाहुण्याला द्यायची नाही. कितीही घाई असो.

वेळ टेबलापासून उलटी मोजा

आता रेस्टॉरंटचा खरा प्रश्न. चाळीस पाहुणे, माणशी सहा छोट्या तोर्तिया, प्रत्येकी पंचवीस ग्रॅमचा गोळा : सहा किलो पीठ, म्हणजे साधारण साडेतीन किलो कोरडा मका. एका कोमालवर एकावेळी पाच बसतात, तासाला दीडशेच्या आसपास निघतात. गणित जमतं. मोडतं ते कुठे, तर तोर्तिया भाजणारी बाई मागच्या कोपऱ्यात असते आणि प्लेट पुढच्या खिडकीतून जाते.

तवा जेवणघराच्या तोंडाशी आणा. पाहुण्यांना दिसला तर उत्तम, पण खरं कारण अंतर कमी करणं हे आहे. प्लेट लावायला सुरुवात होताच तव्यावरच्या बाईला टेबलाचा आकडा हाक देऊन सांगा, प्लेट तयार झाल्यावर नको. आमच्याकडे मोलेच्या प्लेटला नव्वद सेकंद लागत, तोर्तियाला जवळपास तेवढेच. दोन्ही एकदम निघत. वाढप्याने टोपलीतलं फडकं टेबलावरच उघडायचं, वाफ पाहुण्याच्या तोंडावर आली पाहिजे. एकावेळी दोनच द्यायच्या. मग परत जायचं, पुन्हा दोन. वाढप्यांनी सुरुवातीला कुरकुर केली, फेऱ्या वाढतात म्हणून. पाहुणे न बोलता टोपलीची वाट पाहू लागले, तेव्हा ती कुरकुर थांबली.

टेस्टिंग मेनूत आठ-दहा कोर्स असतात. तोर्तिया त्यांतल्या दोन किंवा तीन ठिकाणीच येऊ द्या. सगळीकडे दिली तर पोट भरतं आणि शेवटच्या मोलेला न्याय मिळत नाही.

मोले : ठसका, परतणं, विसावा

मोले हा शब्द नावात्ल या मेक्सिकोतल्या जुन्या भाषेतल्या ‘मोल्ली’वरून आला, अर्थ साधा : रस, कालवण. वाहाकात सात मोले सांगतात. त्यांतलं काळं, मोले नेग्रो, शिकायला सगळ्यात कठीण.

मिरच्या तीन : चिलवाक्ले, मुलातो, पासिया. चिलवाक्ले कुइकात्लानच्या खोऱ्यात पिकते, थोडी पिकते आणि महाग असते. बिया-देठ वेगळे करा. मिरच्या तव्यावर, घाई न करता, काळपट होईपर्यंत भाजा. जळून राख होता कामा नये. बिया मात्र मुद्दाम जाळायच्या, एका तोर्तियासकट, काळ्या कोळशासारख्या. मग त्या पाण्यात भिजवायच्या, पाणी दोन-तीनदा बदलायचं, कडूपणा उतरतो आणि काळोखी राहते. या वेळी असा ठसका उठतो की शेजारची दुकानं खोकायला लागतात. रेस्टॉरंटमध्ये हे काम सकाळी सहाला, धुराडं पूर्ण वेगात ठेवून, तोंडाला ओलं फडकं बांधून करा. एकदा मी दुपारी बाराला केलं आणि जेवायला आलेले दोन टेबलांचे लोक उठून गेले.

पुढचं आपल्या काळ्या मसाल्याच्या सवयीच्या हाताला सोपं जातं. तीळ, बदाम, शेंगदाणे, मनुका, पिकलेलं मोठं केळं, पाव, कांदा, लसूण, प्रत्येक वेगळं तळायचं किंवा भाजायचं. दालचिनी, लवंग, मिरे, ओरेगानो, अ‍ॅव्होकाडोची वाळवलेली पानं. टोमॅटो आणि छोटे हिरवे मिलतोमाते भाजून. सगळं गंधासारखं बारीक वाटा. डुकराच्या चरबीत आधी मिरच्यांची गोळी परता, मग एकेक वाटण, आणि प्रत्येक वेळी तेल सुटेपर्यंत थांबा. इथे तास जातात. हात थांबला तर खाली लागतं. मग रस्सा, शेवटी चॉकलेट, मीठ, थोडी साखर. चॉकलेट नावापुरतं असतं. ‘चॉकलेटचा सॉस’ असं मेनूत लिहू नका, ते चूक आहे.

मग विसावा. थंड करून दोन दिवस ठेवा, तिसऱ्या दिवशी वाढा. पहिल्या दिवशी मिरची, लवंग, केळं वेगवेगळे बोलतात. तिसऱ्या दिवशी कोण कुठे आहे ते सांगता येत नाही.

शेफ एन्रिके ओल्वेरा यांनी 2000 साली पुहोल सुरू केलं. तिथली ‘मोले माद्रे’ची प्लेट या मुरण्यावरच उभी आहे : जुनं मोले रोज गरम करत राहायचं आणि त्यात नवं मिसळत राहायचं. हजार दिवसांचा टप्पा त्याने केव्हाच ओलांडला. प्लेटमध्ये जुन्या मोलेचं गडद वर्तुळ, मधोमध नव्या मोलेचं लालसर वर्तुळ, सोबत फक्त तोर्तिया. मांस नाही. ही प्लेट मला फार मोलाची वाटते, कारण तिने घरातल्या मोलेत काहीही घुसडलं नाही. लग्नघरात मोले टर्कीवर ओततात; इथे टर्की बाजूला केली आणि मोलेला मधे बसवलं. परंपरेतला पदार्थ नव्या टेबलावर नेताना करता येण्यासारखी सगळ्यात धीट गोष्ट म्हणजे काहीतरी काढून टाकणं.

नक्कल मात्र करू नका. रोज पूर्ण उकळी, लगेच थंड करणं, नोंदवही, हे जमणार नसेल तर जुनं मोले ठेवणं धोक्याचं आहे. तीन दिवसांचं मोले पुरेसं असतं.

साठ-सत्तर ग्रॅम मोले एका माणसाला वाढा, प्लेट गरम असू द्या, नाहीतर वर साय धरते. चाळणीतून एकदा गाळलं तर चालेल. चमक यावी म्हणून लोणी फेटू नका. फ्रेंच सॉसची ती सवय मोलेचं तोंड बंद करते.

फेस, भट्टी, हंगाम

सान आंद्रेस वायापाम गावच्या बायका तेहाते करतात : राखेत शिजवलेला मका, कोको, मामेय फळाची बी, आणि कोकोचं फूल म्हणतात ते वाळलेलं सुगंधी फूल. वाटून, थंड पाण्यात हाताने घुसळलं की वर जाड पांढरा फेस तरंगतो. फेसासाठी सायफनच्या बाटल्या घेऊन बसणाऱ्या शेफना मी हे नेहमी दाखवते. रंगवलेल्या भोपळ्याच्या वाटीत, पाहुण्यासमोर घुसळून द्या. दोन मिनिटांत प्यायचं.

जमिनीतली भट्टी शहरात खणता येत नाही. इदाल्गो राज्याची बार्बाकोआ मागेय म्हणजे घायपातासारख्या झाडाच्या पानांत, युकातान राज्याचं पिबिल केळीच्या पानांत, ही दोन्ही मांसं खड्ड्यात शिजतात. पानं विस्तवावर शेकून, भांड्याला अस्तर लावून, कणकेने झाकण बंद करून ओव्हनमध्ये रात्रभर ठेवलं तर मांस सुरेख होतं. पण मेनूत ‘खड्ड्यातली’ असं लिहू नका. मातीचा, कोळशाचा वास त्यात नाही, आणि ज्याने खाल्लंय त्याला लगेच कळतं.

हंगामाबद्दल मी हट्टी आहे. चिकाताना नावाच्या पंखवाल्या मुंग्या वळवासारख्या पहिल्या पावसात, वर्षातल्या मोजक्याच रात्री बाहेर पडतात. वाहाकात लोक पहाटे बादल्या घेऊन धावतात. केलीतेस, म्हणजे शेतातल्या रानभाज्या, पावसाळ्यात. मक्याच्या कणसावर वाढणारी काळी बुरशी वित्लाकोचे, तीही पावसातच. पुएब्ला शहराचे चिलेस एन नोगादा, म्हणजे अक्रोडाच्या रसातल्या भरल्या मिरच्या, ओल्या अक्रोडाचे आणि डाळिंबाचे, ऑगस्ट-सप्टेंबरचे. फेब्रुवारीत ते मागणाऱ्या पाहुण्याला नम्रपणे नाही म्हणा.

ज्यांचा हात, त्यांचं नाव आणि पगार

2010 साली युनेस्कोने मेक्सिकोच्या पारंपरिक स्वयंपाकाला मानवाच्या अमूर्त वारशात घेतलं, मिचोआकान राज्याचा नमुना धरून. त्या नोंदीत पदार्थांबरोबर शेती, विधी, हाताची कसबं आणि गावाच्या रीती आहेत. म्हणजे वारसा माणसांचा आहे, पाककृतींच्या कागदाचा नाही.

जुन्या मेक्सिकन स्वयंपाकघरात एक मुख्य बाई असे, तिला मायोरा म्हणतात. तिच्या जिभेवर सगळं घर चाले. मी काम केलेल्या एका ठिकाणी गावाहून एका बाईंना आठवडाभर बोलावलं, त्यांच्याकडून मोले शिकून घेतलं, बसभाडं दिलं आणि मेनूवर मालकाने स्वतःचं नाव लावलं. मी तेव्हा गप्प बसले. ते अजून टोचतं. तुम्ही असं करू नका. मायोराला दुय्यम शेफइतका पगार द्या, पदार्थ ज्यांच्याकडून आला त्यांचं आणि गावाचं नाव त्यांना विचारून मेनूत छापा, मका त्यांच्या शेतातून त्यांनी सांगितलेल्या भावाने घ्या. हे परवडत नसेल तर मेनूतले दोन कोर्स कमी करा.

मेक्सिकोपासून दूर असाल तर

मेक्सिकन शेफ सांतियागो लास्त्रा यांनी 2020 मध्ये लंडनला ‘कोल’ हे रेस्टॉरंट काढलं. मका, मिरच्या, कोको मेक्सिकोहून. बाकी सगळं ब्रिटनमधलं. लिंबूही नाही, आंबटपणासाठी तिथलीच फळं. ही विभागणी मला पटते : कणा मूळ गावचा, बाकी अंगणातलं.

पुणे-मुंबईत करायचं झालं तर चुना आणि दगड आपल्याकडे आहेतच. बाजारातला कडक पिवळा मका चुन्यात जास्त वेळ शिजवावा लागतो आणि तोर्तिया थोडी जाड येते, चालतं. वाहियो मिरचीच्या जागी रंगासाठी ब्याडगी चालेल. चिलवाक्लेला मात्र पर्याय नाही, तेव्हा मोले नेग्रोचा हट्ट सोडा आणि हिरवं पिपियान करा : भोपळ्याच्या बिया, कोथिंबीर, हिरवी मिरची, हे सगळं मंडईत मिळतं. शेवटी गोडाला चिकू ठेवा. तो मूळचा तिकडचाच, तिथे त्याला चिकोसापोते म्हणतात. घोलवडचा पिकलेला चिकू, वर समुद्री मिठाचे चार खडे, बास.

रात्री पीठ उरेल. ते दुसऱ्या दिवशीच्या तोर्तियाला वापरू नका, आंबूस होतं आणि फुगत नाही. त्यात चरबी आणि मीठ मळा, सुपारीएवढ्या गोळ्या करा, प्रत्येकीला अंगठ्याने खळगा पाडा आणि उरलेल्या घेवड्याच्या रश्श्यात सोडा. याला चोचोयोतेस म्हणतात. दहा मिनिटांत त्या वर येतात. भांडी घासणाऱ्यांना आधी वाढा, त्यांची शेवटची बस लवकर असते.